कोणता पाय?

मल्लेशअण्णा,

हळ्ळीखेडच्या बसस्टँडवर तुझा फ्लेक्स बघितला, "राष्ट्रीय स्केटिंगपटूचे वडील". प्रतीक्षाचा फोटो केवढासा, अन् तुझा गॉगल केवढा! गावात चाकं फिरवायला सपाट सडक न्हाई, आणि तू वहिनी, पोरगी, डबे घेऊन कधी बेळगाव, कधी गोवा गाठायलास. तिथं बक्षिसं तीन अन् पोरं चार.

मी फिरस्ता, व्हय. पण एकटा भटकतो, घरादाराला फरफटत नेत न्हाई.

हुबळीच्या स्पर्धेत मी मंडप बांधायला होतो. तू ओळख दाखवली न्हाईस. तिथली मिरची भजी मात्र झकास... असो. पहिल्याच वळणावर प्रतीक्षा पडली. तू पंचाशी भांडायला धावलास. मी जवळ जाऊन विचारलं, "कोणता पाय दुखायलाय गं?"

"पप्पा कोणता म्हणाले, काका?"

मग हळूच म्हणाली, "पडलं की घरला जाता येतंय. त्यांना सांगू नका."

मैदानातून ती डाव्या पायानं लंगडत गेली, बसमध्ये चढताना उजव्यानं. तू दोन्हीवर स्प्रे मारलास! आपले अप्पा शंभर मेंढरांतलं खोटं लंगडणारं लांबून ओळखायचे, आणि तुला एक लेक कळंना.

हे पत्र टाकलं तर पोरीची घरची वाट बंद होईल, म्हणून माझ्या खिशातच राहू दे. बसच्या खिडकीतून तिला तेवढं सांगितलंय, पुढच्या टायमाला एकच पाय धरून लंगड.

तुझा बिनकामाचा भाऊ,
माउली