सरकारी वळूच्या वैरणीबद्दल जावईबापूंना

वडनेर,
संक्रांतीनंतरचा मंगळवार, १९५७

रा. रा. जावईबापू श्रीनिवासराव यांना वासुदेवरावाचा नमस्कार. इकडे सर्व ठीक; फक्त माझा गुडघा दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतूनही वगळला गेला आहे. तिळगूळ पाठवला आहे. (मुंबईच्या हवेत त्याचा गोळा झाला असल्यास फोडून खावा, पण गोड बोलावे, कारण पुढे तुमच्या अर्थखात्याबद्दल लिहायचे आहे.) चि. मीराला आशीर्वाद.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा गावच्या गुरांची जात सुधारायला सरकारने दिलेला वळू पाहिलाच होता. पांढराशुभ्र, गवळाऊ जातीचा, चाल फिरतीवर निघालेल्या तहसीलदाराची. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. नोव्हेंबरात आपण मुंबई राज्यात गेलो. वळू होता तिथेच राहिला आणि त्याची फाइल नव्या राजधानीला, भोपाळला गेली. म्हणून मुंबईच्या बजेटात वळू नाही आणि वळूच्या पोटात वैरण नाही. ग्रामसेवक केशव म्हणतो, तरतुदीवाचून खर्च करता येत नाही. शेजारचे नानाजी कडब्याचा भारा घेऊन आले, तर त्यांनाही त्याने अडवले. "घेता येत नाई, नानाजी. बिनखर्चानं जगते असं वर कळलं त पुढं कधीच ग्रँट भेटत नाई." "अन् मेला त?" "मंग वळूच नाई, ग्रँट कायची?" हे शास्त्र कॉलेजात शिकवतात की नोकरी लागल्यावर येते, ते कळवावे.

शेवटी वळूने दावे तोडून स्वतःच करवसुली सुरू केली. पडीक वावराकडे बघेना. ज्याचे पीक चांगले त्याच्याकडून जास्त घेई. सरकारचा म्हणून काठी उचलायला कोणी धजेना. सरकारने अर्थव्यवहारात तोंड घालू नये, हे माझे मत तुम्हाला ठाऊक आहे (तुमच्या लग्नाच्या पंगतीत मी ते जिलबी थांबवून सांगितले होते). ते तोंड माझ्या तुरीत दिसताच मी वळूला हाकत कोंडवाड्यात नेऊन घातले. तर तिथल्या गुरांच्या चाऱ्याला तरतूद निघाली. इमानाने नोकरी करीत होता तोवर उपाशी, आरोपी झाल्यावर दोन्ही वेळ जेवण.

पण मालकाने दंड भरून सोडवला नाही तर लिलाव होतो. मालक सरकार, आणि दंडाला तरतूद नाही. लिलाव सोमवारी आहे. जाम गावचा व्यापारी मोतीलाल दात पाहून गेला. खच्ची करून गाडीला जुंपतो म्हणाला. तुमच्या सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला आहे. त्याआधी एवढेच म्हणाल्या, "काऊन नेलं त्याले तिकडं? तूर पुढल्या सालीही येते. असा वळू येते का?"

तरी सरकारने हे उद्योग सोडून गावाचे गावावर सोपवावे, असे साहेबांच्या कानी घालावे. याखेरीज काही मागणे नाही.

आपला,
वासुदेवराव

ता. क. मागणे आहे. सोमवारच्या आत दंडाची सोय होत असल्यास तार करा.

ता. क. २. होणार नाही, हे मला कळते. तुम्ही कारकून आहात, देव नव्हे. म्हणून बोली मीच लावतो. केशव कानात सांगून गेला की खाजगी वळू पाळणाऱ्याला वैरणीचे अनुदान आहे, बजेटात पैसा पडून आहे आणि घ्यायला कोणी नाही. अर्ज सोबत जोडला आहे. तेवढा पुढे सरकवा.

ता. क. ३. अर्थव्यवहाराबद्दलचे माझे मत कायम आहे. मंजुरी येईपर्यंत ते तुमच्या ऑफिसात कुणाला सांगू नका.