सगळ्या नाटकांचं एकच दार

रविवार, संध्याकाळ

नखांत अजून रंगाची भुकटी आहे. कर्वेनगरच्या आमच्या हौशी नाट्यमंडळाचा इतिहास स्मरणिकेसाठी मला लिहायचाय, आणि जुन्या एकाही प्रयोगाचा धड फोटो नाही. आज नव्या नाटकासाठी नेपथ्यातलं दार घासत होते. मंडळाचं दार पहिल्यापासून हे एकच, दर नाटकाला नुसता रंग बदलायचा. पॉलिश पेपरखाली पिवळ्यातून निळा निघाला, निळ्यातून हिरवा.

नलूताई, मंडळातल्या सगळ्यांत जुन्या नटी, शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पिवळ्यात मी आजी होते. निळ्यात सासू. हिरव्यात सून."

मी आणखी जोरात घासायला लागले.

"पुरे! इतिहास लिहायला सांगितलाय, खणायला नाही."

अख्खं आयुष्य एका दाराच्या रंगांत? हे स्मरणिकेत कसं लिहायचं?

मग त्या उठून दारामागे गेल्या. हॉलच्या मधोमध नुसतं उभं दार, बाजूला भिंत नाही. वळसा घालून सहज येता आलं असतं. पण कडी वाजवून त्या थांबल्या.

मी हात पुसले, ओढणी नीट केली आणि मगच दार उघडलं.