आधी काम, मग नाव

सेलू, मंगळवार, १९८६

रफिकभाईंचं बोलणं डोक्यातून जाईना. विहिरीवरच्या मोटार दुरुस्तीचं त्यांचं दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत. मी रंगवलेली पाटी बघून म्हणाले, "पेंटरसाब, अक्षरं लय देखणी. पन बगायला कोन यायलंय हितं? असंच चाललं तर दुकान बंद करतो."

"गिऱ्हाईक आणणं माझं काम नाही," मी फटकन बोललो.

नाही का?

संध्याकाळी स्टँडवर वालूरच्या गाडीतून एक शेतकरी उतरला. खांद्यावर जळालेली मोटार. पानवाल्याला म्हणाला, "आतली तार जळाली, मोटार कुठं भरून मिळंल?" दुकानाचं नाव त्याला ठाऊकच नव्हतं. आणि मी नाव हातभर काढलं, 'मोटार दुरुस्ती' तळाशी बोटभर!

त्याला मीच दुकानापर्यंत नेलं. रफिकभाईंनी लगेच मोटार खोलायला घेतली.

ठरलं. पाटीसोबत वाट दाखवायचं कामही घ्यायचं. स्टँडसमोरच्या भिंतीवर आधी काम, मग बाण, नाव शेवटी. भिंतीच्या मालकाला विचारायला सकाळी मीच जातो.