वळताना होणारा आवाज

॥ श्री ॥
दि. ४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. या आठवड्यात घरात आलं ते असं: गाडीचे पुढचे टायर दोन, सात हजार दोनशे; चाकं सरळ करून घेणं, सहाशे; स्टिअरिंगचं कव्हर, जे मी मागितलं नव्हतं, अडीचशे. एवढं होऊन गाडीचा आवाज जिथल्या तिथे, तो मात्र फुकट.

सरळ रस्त्यावर गाडी गुणी बाळासारखी चालते. वळवली की पुढून टक-टक-टक, कुणी जीभ टाळ्याला लावून वाजवावी तसं. यांना विचारलं तर म्हणतात, कुठे काय, तुझ्या कानात भुंगा शिरलाय. टायर तरी माझ्या समाधानासाठी म्हणून घातले. टायरवाल्याने सांगितलं, नवे टायर घाला, आवाज पळेल. त्याचे टायर खपले, आवाज कसला पळतोय!

एरवी मी एवढी मागे लागले नसते. पण तुझ्या भाचीला आठवा लागेल आता. डॉक्टरीणबाईंनी तिला बस बंद केली आहे, गाडीने सावकाश आणा म्हणाल्या. यांनी तिला शब्द दिलाय, बाबा स्वतः न्यायला येईल म्हणून. तिच्या गावचा रस्ता डोंगरातला, एक वळण संपलं की दुसरं. आणि आमची गाडी नेमकी वळणावर बोलते!

फोनवर तुला विचारणार होते, पण तुझा फोन आला की हेच उचलतात, सगळं ठीक म्हणतात आणि ठेवून देतात. म्हणून कागद घेतला. वेळेवर जेवत जा. ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


दि. ९ नोव्हेंबर

ती. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. टायरवाल्याला माझा दंडवत सांग. गुडघा दुखतो म्हणून माणसाला नव्या चपला विकणारा धंदेवाला विरळा.

आता नीट वाच. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा असतो, तो अ‍ॅक्सल. चाकाजवळ त्याला सांधा असतो, आपल्या मनगटासारखा, म्हणून चाक वळतही राहतं आणि फिरतही. सांध्यावर रबराचा बूट, बुटात ग्रीस. जुन्या गाडीचा बूट चिरला की ग्रीस बाहेर उडतं, धूळ आत जाते आणि सांध्यातल्या गोळ्या झिजतात. मग तो वळताना कुरकुरतो. तुझ्या वर्णनावरून मला त्याचाच संशय आहे. सरळ जाताना घूं-घूं असतं तर बेअरिंग म्हटलं असतं.

दोन गोष्टी कर. पुढच्या चाकांची आतली बाजू बघ, काळं चिकट उडालेलं दिसतं का. मग मोकळ्या मैदानात काचा खाली करून, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवायला सांग, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. सांधा पार झिजला तर वाटेत गाडी जागेवर थांबेल, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत डोंगर नको.

नवल एकच वाटतं. भाऊजी घड्याळजी. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की त्याच्या मनगटावरचं घड्याळ मागे पडतंय हे नुसत्या टिकटिकीवरून सांगणारे. त्यांना हे ऐकू येऊ नये? की मेहुण्याच्या गाडीदुरुस्तीच्या धंद्याला हात लावायचा नाही असं व्रत घेतलंय? फोनवरही माझ्याशी दोन शब्द धड बोलत नाहीत. माझं काही चुकलं असेल तर कळव. तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.

तुझा,
धाकटा


॥ श्री ॥
दि. १५ नोव्हेंबर

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

आधी माझी अक्कल ऐक आणि हसून घे. मी रोज सकाळी देवाची भांडी घासली की गाडीची चाकं पुसते, हात पोचेल तिथवर आतूनसुद्धा. गेला महिनाभर डाव्या चाकाला आतून काळं चिकट लागत होतं. मला वाटलं, रस्त्याचं डांबर. रोज राखेने घासून चाक लख्ख करत होते! तुझं पत्र वाचून दोन दिवस हात आवरला, तर पुन्हा काळं. वाकून पाहिलं, रबर चिरलेलं आहे.

मग मैदानावर गेलो. हे चालवत होते, मी शेजारी. उजवीकडे गोल फिरताच माझ्या बाजूने इतका कडकडाट झाला की तिथे व्यायाम करणारे गृहस्थ थांबून बघायला लागले. यांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, बघ, आहे का काही?

धाकट्या, ते वाद जिंकायला म्हणत नव्हते. तोंडावर काही ऐकल्याची खूणच नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दारावरची घंटा बिघडली असं हे म्हणतात, ती बिघडलेली नाही. तुझ्याशी फोनवर बोलत नाहीत, कारण तू काय म्हणतोस ते त्यांना पोचतच नसणार. दुकानात घड्याळ कितीतरी वेळ कानाशी धरून बसतात.

देवापुढे बसले पण जप लागेना. सांगावं तर ज्या कानांवर पोट भरलं त्याच कानांना नावं ठेवल्यासारखं होईल, लेकीला दिलेला शब्दही मोडेल. न सांगावं तर डोंगरात वळणापलीकडून ट्रक हॉर्न देईल आणि यांना कळणार नाही, शेजारी पोटुशी लेक. सांग, मी काय करू?

तुझी,
ताई


दि. २० नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

पत्र वाचून वर्कशॉपच्या पायरीवर बसून राहिलो. आणि मी मूर्ख, ते माझ्यावर रागावले समजून तोंड फुगवून होतो.

सोबत पार्सल आहे: सांधा, बूट, ग्रीसची पुडी, आणि दांड्याच्या टोकाचा नवा नट. जुना नट धुऊन परत लावायला लावशील, ओळखतो मी तुला. तिथे काटकसर नको. नट शेवटचा आवळायचा तो गाडी खाली उतरवून, हेही तिथल्या मिस्त्रीला सांग.

आवाजाचं नाव काढू नकोस. गाडी जॅकवर घेऊन खाली ठोकळे लावले की भाऊजींना म्हण, जरा तुम्ही बघा. डावा दांडा हाताने मागेपुढे फिरवू दे. त्यांच्या बोटांना सांध्यातला खेळ कळणारच, आमच्यापेक्षा आधी. हा वाजत असणार आणि आपल्याला ऐकू आला नाही, हे ते स्वतःच जुळवतील. तू शेजारी उभी राहा, बस.

तुझा,
धाकटा


॥ श्री ॥
दि. २८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास ताईचे खूप खूप आशीर्वाद.

तू सांगितलंस तसंच केलं. हे चाकाशी उकिडवे बसले, दांडा धरला, किंचित फिरवला आणि डोळे मिटून पुन्हा फिरवला. मिस्त्रीला म्हणाले, सांधा गेलाय, चांगला वाजत असेल एव्हाना. तो भला माणूस हसून म्हणाला, काका, तुम्ही कोपऱ्यावर वळलात तेव्हाच मी चहाचा कप ठेवून उठलो. त्याला काय माहीत बिचाऱ्याला!

यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही.

जुना सांधा उघडला तर आत ग्रीस नावाला नाही, नुसता मातीचा लगदा. गोळ्यांना खड्डे पडलेले. नवा बसला, नट गाडी खाली घेऊन आवळला. परतताना मुद्दाम मैदानावर नेऊन यांनी गोल फेरा मारला आणि मला विचारलं, आता? मी म्हटलं, नाही वाजत. मग म्हणाले, आणखी काय काय वाजतं जे मला ऐकू येत नाही, ते सांग. मी एकेक सांगत गेले. घंटा म्हटल्यावर तर हसले. शेजाऱ्यांना उगाच तारा तपासायला लावल्या म्हणाले.

कानाच्या डॉक्टरांकडे स्वतःच गेले. वयाचं आहे, यंत्राने पुष्कळ सुधारेल, मात्र सवय होईपर्यंत लांब गाडी चालवू नका असं सांगितलंय. तोवर लेकीचे दिवस थोडेच थांबणार! मला वाटलं, आता हे मनाने खचतील. पण यांनी तिला फोन लावला आणि मोठ्याने बोल म्हणाले. बाबाला कमी ऐकू येतं म्हणून बाबा चालवणार नाही, पण न्यायला बाबाच येणार, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ती काय म्हणाली ते मी यांना पुन्हा सांगितलं. दोघंही रडत होती, ते काही सांगावं लागलं नाही.

मग मला म्हणाले, धाकट्याला लिही. त्याने चालवावी, मी शेजारी बसतो. आजवर यांनी गाडी अंगणातून काढायलासुद्धा कुणाच्या हाती दिलेली नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी निघावं असं मनात आहे. तुझे पाय लांब, म्हणून चालवणाऱ्याची सीट यांनी आजच मागे सरकवून ठेवली आहे.

येतोस ना? लोभ आहेच, तो असाच राहो. उलट टपाली कळव.

तुझी,
ताई