तीन हजार मीटरवरचं पॅनेल

३ फेब्रुवारी
शेवटचं पॅनेल जोडून झालं. तेहेतीस हजार व्होल्टचं स्विचगिअर, म्हणजे वीज जोडायचं-तोडायचं लोखंडी कपाट, डोंगरावरच्या वीजकेंद्रासाठी. महिनाअखेरीस निवृत्ती. एकतीस वर्षांत माझं एकही पॅनेल कारखान्यात परत आलेलं नाही! सगळे तसं म्हणतात — आणि कुणी नाही म्हटलं तर मीच म्हणतो.
उद्या चाचणी. चाचणी विभागात आता आमची लेक आहे. कारखान्यात मला इतरांसारखंच ‘मिस्त्री’ म्हणते. बरं वाटतं ऐकायला.

४ फेब्रुवारी
चाचणीत नियमाप्रमाणे दुपटीहून जास्त दाब लावतात; सत्तर हजार व्होल्टला पास. मी हत्यारं आवरायला घेतली, तर लेक म्हणते, "मिस्त्री, थांबा. हे तीन हजार मीटरवर जाणार. तिथली हवा विरळ, ठिणगी लवकर उडते. म्हणून इथे खाली नव्वद हजार लावून बघायला हवं."
लावले. पंच्याऐंशीलाच फाडकन आवाज — दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये निळा जाळ! सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तिने शांतपणे लिहिलं, नापास.
रात्री लेकीने घरी सगळं सांगितलं, तसं मी जेवणाचं ताट बाजूला सारलं. बायको म्हणाली, "आता घरातही नव्वद हजार लावलेत का?"

५ फेब्रुवारी
राग आहे अजून.

७ फेब्रुवारी
ऑर्डर पुन्हा वाचली. उंची पहिल्याच पानावर आहे. वाचूनही मी पट्ट्या नेहमीच्याच अंतरावर बसवल्या. उघड्या पट्ट्यांना मधली हवाच सांभाळते, हे मी नव्या लोकांना वर्षानुवर्षं शिकवलं. ती हवा वर गेल्यावर दुबळी होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.
दुपारी साहेब तिला म्हणाले, "सत्तरला पास आहे ना? सोडून द्या. तारीख डोक्यावर आलीय."
"सही माझी लागते, साहेब. मी करणार नाही."
मी बाजूलाच मान खाली घालून उभा होतो. पण अभिमानाने ऊर भरून आला. अशी लेक माझ्या घरात वाढली!

१६ फेब्रुवारी
पट्ट्या लांब घेतल्या, मधे आडोसे घातले. नव्वद हजार, पूर्ण एक मिनिट. पॅनेल हूं की चूं नाही. लेकीने ‘पास’ लिहिलं. मग हळूच म्हणाली, "झकास, बाबा." कारखान्यात पहिल्यांदाच बाबा म्हणाली. रस्ताभर एकटाच हसत आलो.

२० फेब्रुवारी
निरोपाला मानपत्र देणार आहेत. त्यात लिहिणार, ‘एकही पॅनेल परत नाही.’
संध्याकाळी जुनी नोंदवही चाळली. अकरा वर्षांपूर्वी त्याच डोंगरावर माझंच एक पॅनेल गेलंय. नेहमीच्याच अंतराचं. तिथल्या ऑपरेटरचं पत्रही आलं होतं — धुकं पडलं की पॅनेल चरचरतं. ‘थंडीने कुडकुडत असेल’ म्हणून मी हसण्यावारी नेलं होतं. तो माणूस रोज त्याच्यासमोर उभा राहतो. ते पॅनेल धोक्याचं आहे, हे अजून कुणाला माहीत नाही. लेकीलाही नाही.

२१ फेब्रुवारी
सकाळीच साहेबांना लेखी दिलं. डोंगरावरचं जुनं पॅनेल आजच बंद करायला सांगा आणि परत मागवा. बांधणीतली चूक माझी.