ताळ्याचे दोन गुण

जळगाव, ८ जानेवारी १९५६
इंदिराला जाऊन चार महिने झाले. सकाळी चहाला दोन कप मांडले. एक परत ठेवला. काही वाटलं नाही.

१५ जानेवारी
मेहरूणहून सासरे आले — लोटन नाना. ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. "बेबाले करी ल्या. घर तेच शे, मानसे तेच शेतस." बेबा म्हणजे इंदिराची धाकटी बहीण. मार्चमध्ये मॅट्रिकला बसायची आहे. बीजगणित कच्चं, म्हणून मीच जाऊन शिकवतो. आईचा चेहरा फुलला. मी "बरं" म्हणालो. हल्ली कुणी काहीही विचारलं तरी मी बरंच म्हणतो. नाही म्हणायला जोर लागतो.

२२ जानेवारी
मेहरूणला शिकवणी. अपूर्णांकांची समीकरणं. छेदात क्ष दिसला की मुलं गांगरतात. बेबा नाही! छेदाने दोन्ही बाजू गुणल्या, छेद गेला, झरझर उत्तर — क्ष बरोबर तीन.
ताळा? म्हटलं. तीन मूळ समीकरणात घालून बघ.
छेद होता क्ष उणे तीन. म्हणजे शून्य. शून्याने भागता येत नाही. उत्तर टाकून द्यायचं.
"पन पायऱ्या बठ्ठ्या बरोबर शेतस, भाऊजी!"
सगळ्या बरोबर. तरीही.
"मंग याले उत्तर काय?"
उत्तर नाही. असतात अशीही गणितं, म्हटलं. ती वहीकडे बघत राहिली.

२५ जानेवारी
लग्नाला वसंत पंचमीची तिथी धरली. बरं म्हटलं.

१ फेब्रुवारी
शाळेच्या वह्या तपासल्या. सतरा जणांनी ताळा केलेला नाही. प्रत्येकी दोन गुण कापले. अकरा वर्षं कापतोय, कुणाचीही गय केली नाही. शेवटच्या वहीवर लाल रेघ मारली आणि हात थांबला — बेबाला कुणी विचारलं? मी तर नाहीच.
लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं.

५ फेब्रुवारी
विचारलं. पहिल्यांदा तिने मान वर केली. "माले परीक्षा देनी शे. तुम्ही भाऊजीच बरा. तुम्हीच नही म्हना — मन्हं कोन ऐकस?"

७ फेब्रुवारी
नानांना नाही म्हणालो. एवढंच. "पोरीला परीक्षेला तरी बसू द्या" हे वाटभर घोकत गेलो होतो. नानांनी टोपी उचलली आणि मळ्याकडे निघून गेले. ते वाक्य राहूनच गेलं. उद्या जाऊन सांगेन.

८ फेब्रुवारी
गेलो नाही.

९ फेब्रुवारी
गेलो नाही. आई बोलत नाही.

१९ फेब्रुवारी
मेहरूणला गेलो. दारात मांडव, तोरणं सुकलेली. बेबाला पहूरच्या एका बिजवराला दिली. तिथी तीच — आमच्यासाठी धरलेली. धान्य दळून झालं होतं म्हणे, आमंत्रणं गेली होती. नवरदेव तेवढा बदलला. सासूबाई आत गेल्या आणि बेबाची वही आणून माझ्या हातात दिली. आता कुणाला लागणार?

२० फेब्रुवारी
वही उघडली. शेवटच्या पानावर तेच गणित, पुन्हा सोडवलेलं. क्ष बरोबर तीन. खाली ताळा, व्यवस्थित. त्याखाली — "उत्तर नाही."
दोन्ही गुण दिले.