सातव्या पाठातली किमचीची बरणी

देजॉन, ११ फेब्रुवारी

चि. जोंग-ओक हिस दादाचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि गुडघा कुरकुरला की वहिनी कुरकुरते. नववर्षाला तू आली नाहीस. गेलेल्या आईबाबांच्या पूजेत पेअरचं फळ कुठल्या बाजूला मांडायचं, यावरून मी एकट्यानेच वाद घातला आणि हरलो. दुकान कसं चाललंय? गुडघे सांभाळ. भाताच्या सुरळ्या उभ्यानेच वळतेस ना अजून?

पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. फोनवर तू गप्प बसतेस, आणि तुझं गप्प बसणं मला ऐकू येतं.

डिसेंबरातल्या त्या जेवणाबद्दल लिहायचं आहे. भावजी हयात नाहीत, म्हणून तुझ्या लेकीच्या, सो-दामच्या लग्नाच्या बोलणीला घरचा वडीलधारा म्हणून मी बसलो. व्याह्यांनी तुझ्याकडे बघत सहज विचारलं, "विहीणबाईंचं शिक्षण?" तू तोंड उघडायच्या आत मी राजधानीतल्या त्या लाल विटांच्या विद्यापीठाचं नाव घेतलं. जिथे मी शिकलो, तिथलं.

त्यांच्या बायको, तुझ्या विहीणबाई, खूश. "अय्या, माझी बहीणही तिथलीच! कुठल्या साली हो?"

तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. मग जवाचा चहा ओतत म्हणालीस, "सालं कुठली लक्षात राहतायत? अभ्यासात मी ढच होते."

तुला खोटं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही माझी लाज राखायला. गाडीजवळ मात्र म्हणालीस, "दादा, चार वर्षं पहाटे उठून मोबाइलवर शिकले मी. तू एका घासात पुसून टाकलंस." मी गाडीच्या किल्ल्या शोधत राहिलो. त्या हातातच होत्या.

आता जे टाळत आलोय ते. माझा संस्कृतचा वर्ग इथल्या विद्यापीठाने दोन वर्षांपूर्वी बंद केला. तीनच विद्यार्थी उरले होते. एकवचन, द्विवचन, बहुवचन शिकवायला पुरेसे, पण खर्च भागवायला नव्हेत. तेव्हापासून माझं घर ज्या पगारावर चालतं, तो तुझं ऑनलाइन विद्यापीठ देतं. घरातल्या खोलीत बसून मी पाठाचे व्हिडिओ रेकॉर्ड करतो. दोनशे सत्तर जण ऐकतात. बस चालवणारे, तान्ही मुलं असलेल्या बाया, एक भिक्षुणी. हे मी कुणालाच सांगितलं नाही. वहिनीलाही "जादा तास" एवढंच माहीत.

ऑक्टोबरात सातव्या पाठाखाली एका विद्यार्थिनीने लिहिलं, "मास्तर, मागचं कपाट लावून घ्या. किमचीची बरणी दिसतेय, आणि झाकण सैल आहे." नावाच्या जागी नुसता क्रमांक. मी उत्तर दिलं, "विषयाशी संबंधित प्रश्न विचारावेत." जानेवारीत गुण भरताना त्या क्रमांकापुढे तुझं नाव दिसलं. कोबी खारवून, तिखट लावून ती बरणी तूच भरून पाठवली होतीस.

म्हणजे त्या जेवणाच्या वेळी तुला सगळं माहीत होतं. ज्या विद्यापीठाची मला लाज वाटत होती, त्याच्याच पगारातून घेतलेला कोट घालून मी तुझ्याशेजारी बसलो होतो. एका शब्दाने मला उघडं पाडता आलं असतं तुला. तू चहा ओतलास.

जोंग-ओक, माझ्या पहिल्या वर्षासाठी बाबांनी बैल विकला. गोठ्यात दुसरा बैल नव्हता, म्हणून तू शिवणाच्या कारखान्यात गेलीस. तुझ्या चारही वर्षांची फी मिळून माझ्या मुलाच्या एका सत्राएवढी होत नाही. हे मी तुला हसत सांगितलं होतं, "स्वस्तात पदवी मारलीस" म्हणून. असं स्वस्त विद्यापीठ तेव्हा असतं, तर बाबांना आपल्यातलं एक निवडावं लागलं नसतं.

परवा व्याह्यांना फोन करून खरं सांगितलं, तुझं आणि माझंही. ते म्हणाले, "त्यांनी पहाटे उठून पदवी घेतली, हे तर अभिमानाने सांगायचं. तुम्ही का लपवलंत?" चूक माझी, एवढंच म्हणालो. लग्न आहे तसंच ठरलेलं आहे. फक्त विहीणबाई आता माझ्याशी जरा जास्तच आदराने बोलतात, आणि तो आदर बोचतो.

बावीस तारखेला तुमचा पदवीदान समारंभ. मास्तरांना मंचावर खुर्ची असते. गेली दोन्ही वर्षं मी सर्दीचं कारण दिलं. यंदा सर्दी नाही. तू म्हणशील तर मंचावर बसेन, म्हणशील तर खाली घरच्यांच्या रांगेत फुलं घेऊन उभा राहीन. येऊ नकोस म्हणालीस तर येणार नाही, आणि कारणही विचारणार नाही.

पुढच्या सत्रासाठी सातवा पाठ पुन्हा रेकॉर्ड करायला विद्यापीठाने सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. बरणी दिसू दे.

तुझ्याच विद्यापीठाचा मास्तर,
थे-गूनदादा